भागी तोंडी होती, कागद सगळे ताईंच्या नावावर

मार्च महिना, चटणीचा हंगाम, गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंचे २,४०० रुपये खात्यात दिसेनात म्हणून मी त्यांना फोन केला. "अहो, तुमच्यासमोर तर स्कॅन केलं," असं म्हणून त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. पैसे पोचले होते, पण नाव होतं माझ्या भागीदार ताईंच्या मुलाचं. मी काउंटरवरच्या क्यूआर कोडचा कोपरा नखानं उकलला. खाली आमच्या खात्याचा जुना स्टिकर तसाच होता. त्यावर दुसरा चिकटवला होता, कडेला कड लावून, अगदी नीट.

हे लिहायला मला वर्ष लागलं. कोल्हापुरात आमच्याच गल्लीतल्या चार जणी आता घरगुती पदार्थांचा धंदा दोघीदोघींत करायचं म्हणतायत, म्हणून लिहिते.

२०२१ च्या दसऱ्याला आम्ही कांदा-लसूण चटणी सुरू केली. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, माझ्या बाळंतपणात रात्री जागलेल्या. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी मिरची तिखटाला, खोबरं कुठवर भाजायचं, लसूण कधी टाकायचा, हे सगळं माझ्या सासूबाईंचं प्रमाण. पाकिटावर नावही त्यांचंच घातलं. मी ३ लाख २० हजार घातले: १ लाख ८० हजार बँकेतून, १ लाख ४० हजार पाटल्या गहाण ठेवून रोख. निम्मी-निम्मी भागी ठरली, तीही चहा पिता पिता. करारपत्राचं मी एकदा काढलं, तर ताई म्हणाल्या, "तू कशाला कागदांच्या मागं लागतीस? तुला चटणीतलं कळतंय, मला ऑफिसातलं. मी बघते की." मला ते आपुलकीचंच वाटलं.

स्टिकर सापडल्यावर मी कागद बघायला मागितले. उद्यम नोंदणी, गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंद, अन्न परवाना, चालू खातं, गाळ्याचा भाडेकरार, सगळं ताईंच्या एकटीच्या नावावर, एकल मालकी म्हणून. कांडप मशीनचं बिल त्यांच्या यजमानांच्या नावावर. मी दर महिन्याला नफ्यातली उचल म्हणून ८,००० घ्यायची, ती हिशेबात 'मजुरी' म्हणून लिहिलेली. ताई मला तोंडावर म्हणाल्या, "तू कामालाच होतीस की." तीन वर्षं पहाटे पाचला उठून मिरच्यांचे देठ खुडलेत मी. हात रात्रभर भगभगायचे, लेकराला जवळ घेता यायचं नाही.

आणि सासूबाईंचं नाव? ते ताईंच्या मुलानं ट्रेडमार्क करून घेतलं होतं. अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आला की हरकत घ्यायला चार महिने मिळतात. मला जर्नल असतं हेच माहीत नव्हतं, मुदत कधीच उलटून गेली होती. नोंद रद्द करून घ्यायला कोर्टात जाता येतं, पण त्याला पैसा आणि वर्षं लागतात, ते माझ्याकडे नव्हते. आज आमच्या घरातलं नाव दुसऱ्याच्या पाकिटावर आहे. बाकी सगळं मी गिळलं, हे अजून उतरत नाही.

पोलीस ठाण्यात सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. मग वकिलांकडे गेले. त्यांच्याकडून कळलं ते नीट वाचा. भागीदारी कायदा १९३२ चा. तोंडी भागीही कायद्याला चालते, पण ती सिद्ध तुम्हाला करावी लागते. शिवाय फर्मची नोंदणी नसेल तर कलम ६९ आडवं येतं, भागीदारावर करारातल्या हक्कासाठी दावा लावता येत नाही. महाराष्ट्रात तर पूर्वी राज्यानं कायद्यात दुरुस्ती करून भागी मोडून हिशेब मागायचा दावाही बंद केला होता. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये रद्द केली, म्हणून मला निदान तेवढी वाट होती. तीही भागी मोडल्यापासून तीन वर्षांतच. पुरावा काय, तर बँकेतली १ लाख ८० हजारांची नोंद, ताईंच्या हातची 'निम्मं तिचं' लिहिलेली एक वही आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज. पाटल्यांच्या पैशाला चिठ्ठीसुद्धा नव्हती. रोख देताना एक ओळ लिहून सही घेतली असती तर आज चित्र वेगळं असतं.

याहून वाईट एक गोष्ट. गडहिंग्लजचे मिरची व्यापारी ६२,००० च्या उधारीसाठी माझ्या दारात आले. सगळीकडे आम्ही 'दोघी मालकीण' म्हणूनच मिरवलो होतो. वकील म्हणाले, बाहेरच्या माणसासमोर भागीदार म्हणून उभं राहिलात की त्याच्या उधारीची जबाबदारी तुमच्यावरही येऊ शकते. नफ्याला मी कामवाली आणि देण्याला मालकीण. त्या काकांचा काय दोष होता? मी माझे निम्मे ३१,००० तीन हप्त्यांत फेडले.

शेवटी लेखी तडजोड झाली. बँकेतून दिलेल्या १ लाख ८० हजारांचे सहा चेक मिळाले. दुसराच परत आला. चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, मग समोरच्याला १५ दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. आम्ही चौथ्याच दिवशी नोटीस धाडली, पैसे आले. रोख दिलेले १ लाख ४० हजार गेले ते गेलेच.

तुमची कुणाशी भागी असेल तर आज रात्रीच कागद काढून बसा. लाइटबिलापासून अन्न परवान्यापर्यंत प्रत्येकावर कुणाचं नाव आहे ते स्वतः वाचा. खात्यावर दोघींची सही लागते का, बँकेत जाऊन विचारा. माणूस जवळचं आहे म्हणून थांबू नका, मी तेवढ्याचसाठी थांबले होते.

गेल्या हंगामात मी घरच्या पडवीत पुन्हा सुरू केलं. अन्न परवाना माझ्या नावाचा, खातं माझं. नाव नवीन घेतलं, त्याच्या ट्रेडमार्कचे ४,५०० पहिल्याच महिन्यात भरले. गडहिंग्लजच्या काकांनी दोन पोती संकेश्वरी उधारीवर दिली, न मागता.

धाकट्या जाऊबाई आता भागीत यायचं म्हणतात. त्यांना म्हटलं, मे संपला की वकिलांकडे जाऊ. तोवर रोजची मजुरी देते आणि वहीत त्यांची सही घेते.