ऑपरेशन झकास, ड्रेसिंगचा आनंदीआनंद
बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन इथे केलं, सर्जनचा हात खरंच चांगला. पण वॉर्डात ड्रेसिंगवाले मामा शेजारच्या पेशंटची पट्टी सोडून त्याच ग्लोव्हजने सरळ बाबांकडे, हटकलं तर म्हणे 'काही होत नाही हो'. घरी आल्यावर टाके लाल, गरम, मग पू. कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासायला, दिला तर एमआरएसए निघाला, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू, आणि त्याचं बिलही आमच्याच माथी! हर्नियाच्या जागी आधाराला जाळी बसवली असेल तर असं इन्फेक्शन ९० दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढू शकतं, तेव्हा डिस्चार्जनंतरही जखम बघत राहा. आणि ऑपरेशनआधी केस काढायला वस्तरा आणला तर क्लिपर (केस कापायचं मशीन) मागा, वस्तऱ्याच्या बारीक कापांतून जंतू शिरतात. कँटीनचा चहा बरा. दोन स्टार, तेही सर्जनसाठी.