आधी प्लगइन घ्यावे की कॅमेऱ्याचे रिमोट अ‍ॅप शिकून घ्यावे?

छायाचित्रणात हात थोडा बसला की पुढचा प्रश्न उभा राहतो: संपादनासाठी एखादे प्लगइन (संपादनाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे पूरक साधन) विकत घ्यावे, की फोनवरून कॅमेरा चालवणारे रिमोट अ‍ॅप नीट आत्मसात करावे? अ‍ॅपचा उपयोग क्लिक करण्याआधी होतो आणि प्लगइनचा नंतर, आणि माझ्या मते निवड याच फरकावर करायला हवी. फोकस हुकला असेल किंवा बटण दाबताना कॅमेरा हलला असेल, तर धार वाढवणारी साधने हरवलेला तपशील अंदाजाने भरतात आणि मोठ्या छपाईत ते उघडे पडते.

जमिनीलगतच्या फुलाचे जवळून चित्र घ्यायचे आहे, कॅमेरा ट्रायपॉडवर आहे आणि शटरचा वेग १/८ सेकंद आहे असे समजा. अशा वेळी बोटाचा हलका दाबही चित्र धूसर करतो. अ‍ॅप असेल तर फोनच्या पडद्यावर फोकस पुंकेसराच्या टोकावर बसला आहे की मागच्या पाकळीवर, हे न वाकता पाहता येते आणि कॅमेऱ्याला हात न लावता क्लिक करता येते. कॅननचे कॅमेरा कनेक्ट, निकॉनचे स्नॅपब्रिज आणि फुजीफिल्मचे एक्सअ‍ॅप ही अ‍ॅप विनामूल्य मिळतात. मात्र प्रत्येक मॉडेलला सगळ्या सोयी मिळत नाहीत, म्हणून कंपनीची यादी आधी तपासावी.

वायफाय आणि ब्लूटूथ यांतला फरकही ध्यानात ठेवावा. ब्लूटूथला बॅटरी कमी लागते, पण फोनवर थेट दृश्य पाहण्यासाठी वायफायच लागते आणि त्यात बॅटरी भराभर उतरते. स्नॅपब्रिज आपोआप पाठवते ती चित्रे २ मेगापिक्सेलची असतात, म्हणजे पाहण्यापुरती. कॅमेऱ्याच्या वायफायवर इंटरनेट नसल्यामुळे बरेच फोन ती जोडणी परस्पर सोडून देतात. त्या वेळेपुरता मोबाइल डेटा बंद ठेवला की बहुतेकदा हा त्रास थांबतो. खोलीत एका जागी बसून तासन्‌तास काम करायचे असेल, तर मी अ‍ॅपपेक्षा केबलने संगणकाला जोडणेच पसंत करतो, कारण लाइटरूम क्लासिक किंवा कॅप्चर वन या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र थेट मोठ्या पडद्यावर उतरते.

प्लगइनचा हिशेब निराळा आहे. आपल्या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे ते आधी पाहावे. उदाहरणार्थ, २०२३पासून लाइटरूममध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नॉइज (चित्रातले नकोसे ठिपके) कमी करण्याची सोय आली आहे, त्यामुळे केवळ त्यासाठी प्लगइन घेण्याची अनेकांना गरज उरलेली नाही. निक कलेक्शन (प्लगइनचा एक संच) २०१२मध्ये गूगलकडे गेले, २०१६मध्ये विनामूल्य झाले आणि २०१७मध्ये डीएक्सओ या कंपनीने घेतल्यावर पुन्हा विकत घ्यावे लागू लागले. मालकी आणि किंमत अशी बदलू शकते, म्हणून मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती) कधीही पुसू नये. जागेचाही विचार करावा, कारण प्लगइनसाठी बनवलेली २४ मेगापिक्सेलच्या चित्राची १६ बिटची टिफ (एक फाइल प्रकार) प्रत दाबून साठवली नाही, तर सुमारे १४४ मेगाबाइटची होते.

फोटोशॉपमध्ये प्लगइन चालवण्यापूर्वी लेअरचे (चित्राच्या थराचे) स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्यावे, म्हणजे आतले मूळ चित्र जसेच्या तसे राहते. मग प्लगइनला स्मार्ट फिल्टरची सोय असेल, तर त्यातली मूल्ये पुढेही बदलता येतात. मी एकदा कृष्णधवल प्लगइन थेट मूळ लेअरवर चालवून फाइल जतन केली आणि महिन्याभराने त्यातला दाणेदारपणा कमी करावासा वाटला, तेव्हा सगळे काम पहिल्यापासून करावे लागले. क्रमही महत्त्वाचा आहे: नॉइज आधी काढावा आणि धार शेवटी वाढवावी, नाहीतर नॉइजलाच धार येते.

ट्रायपॉडवर, संथ वेगाने किंवा स्वतःलाच चौकटीत घेऊन चित्रे काढणाऱ्याने माझ्या मते अ‍ॅपपासूनच सुरुवात करावी. कॅमेरा हातात धरून पळत्या क्षणांमागे धावणाऱ्याला मात्र अ‍ॅप क्वचितच कामी येईल. त्याने प्लगइनची चाचणी आवृत्ती घेऊन ती आपल्याच पाच-सहा बिघडलेल्या रॉ फाइलींवर चालवून पाहावी, कारण विक्रेत्याने दाखवलेली नमुना चित्रे मुळातच चांगली असतात.