पांढऱ्या पाटीची गाडी

इसापूर धरणाचं पाणी सुटलं आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंडचा धबधबा भरून वाहायला लागला की नांदेडात घरोघरी एकच विषय निघतो, कधी जायचं. यंदा श्रावणात आमच्याकडेही तो निघाला. लातूरहून ताई तिच्या दोन लेकरांना घेऊन आली होती. आईला माहूरला रेणुकामातेची ओटी भरायची होती. शनिवारी सकाळी निघायचं, भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरला जाऊन सहस्रकुंड बघायचं, पुढं किनवटमार्गे माहूरला मुक्काम, रविवारी उनकेश्वरचं गरम पाणी बघून परत, असा बेत ठरला. सागाच्या जंगलातला तो रस्ता पावसाळ्यात इतका देखणा असतो की स्वतःच्या हातात गाडी असावी, वाटेल तिथं थांबता यावं, असं फार दिवसांपासून मनात होतं.

आमच्याकडे स्कूटर आहे. सहा माणसांसाठी सात सीटची गाडी भाड्यानं घ्यायची म्हणून मी चौकशी सुरू केली. ड्रायव्हरसकट गाडी सहज मिळत होती, पण मला स्वतः चालवायची होती. मोबाईलवरच्या एका जाहिरातीवरून नंबर मिळाला. दिवसाला 3,200 रुपये, डिपॉझिट 15,000. डिपॉझिट जास्त वाटलं, पण गाडी चकचकीत होती आणि माणूस बोलायला गोड होता. "दादा, गाडी म्हणजे आपलं लेकरू, तेवढं सांभाळून न्या," असं म्हणायचा.

त्याचा पहिला प्रश्न होता, कुठं जाणार? किती दिवस, किती माणसं, हे त्यानं नंतर विचारलं. मी सहस्रकुंड म्हटल्यावर त्यानं नेमकं विचारलं, "इस्लापूरच्या बाजूनं जाणार की उमरखेडच्या?" मला वाटलं, रस्ता माहीत असलेला माणूस आहे, काळजीनं विचारतोय.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही सगळे सामानासकट त्याच्याकडे पोचलो. इथंच माझी मोठी चूक झाली. लेकरं झोपेतून उठून आलेली, आई ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, वर पावसाची झड. अशा वेळी त्यानं 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा तीन पानी करारनामा पुढं केला. दुसऱ्या पानावर काही रेघा कोऱ्या होत्या. विचारलं तर म्हणाला, "त्या मोठ्या गाड्यांसाठी आहेत, तुम्हाला लागू नाहीत." मी सही केली. आधारकार्डची प्रत दिली. स्कूटर आणि तिचं आरसी बुक तारण म्हणून त्याच्याकडेच ठेवलं. पैसे त्यानं सांगितलेल्या नंबरवर यूपीआयनं टाकले. स्क्रीनवर आलेलं नाव वेगळंच होतं, करारनाम्यात कुठंही नसलेलं. "मेहुण्याचं खातं आहे," असं उत्तर मिळालं, आणि घाईत मला ते पुरलं.

गाडीची नंबरप्लेट पांढरी होती. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, घरच्या वापराची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्यानं मिळणारी टॅक्सी. स्वतः चालवायला भाड्यानं मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी असते आणि अक्षरं पिवळी. असा धंदा करायला रेंट-अ-कॅब योजना, 1989 खाली परवाना लागतो. हे सगळं मी नंतर शिकलो. त्या सकाळी पाटीचा रंग मी बघितला, पण त्यातून काही कळायला हवं होतं हेच मला माहीत नव्हतं.

भोकरपर्यंत रस्ता छान. हिमायतनगरच्या पुढं दोन्ही बाजूंना कापूस आणि सोयाबीन, शेताच्या बांधावर काळा चिखल. मध्ये एका ठिकाणी फोटोसाठी गाडी खाली घ्यावी असं भाच्याला वाटत होतं, पण काळ्या रानात पावसाळ्यात चाक रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, म्हणून मी डांबर सोडलं नाही. हे सांगतोय कारण पुढं आरोप झाला तो याच गोष्टीचा.

सहस्रकुंडाला साडेअकरा वाजता पोचलो. इथं पैनगंगा काळ्या कातळावरून फुटून अनेक धारांनी खाली पडते. पाणी कमी असलं तर धारा वेगवेगळ्या दिसतात. त्या दिवशी सगळ्या एक झाल्या होत्या, तपकिरी, गर्जणाऱ्या. बोललेलं ऐकू येत नव्हतं. आईनं महादेवाच्या देवळात दर्शन घेतलं. लेकरांना आम्ही कठड्याच्या अलीकडेच धरून ठेवलं, धरणातून पाणी सोडलं की इथली पातळी वाढते म्हणून. तीन तास कसे गेले कळलं नाही. तेवढाच त्या प्रवासातला आनंद.

पैनगंगा तिथं दोन जिल्ह्यांची हद्द आहे. अलीकडे आमचा नांदेड, पलीकडे यवतमाळ. आमची गाडी अलीकडे, नांदेडच्या काठावर उभी होती. आम्ही नदी ओलांडली नाही.

अडीचच्या सुमाराला सगळे गाडीत बसलो. किल्ली फिरवली. दिवे लागले, पंखा फिरला, स्टार्टर मात्र गप्प. पुन्हा पुन्हा बघितलं, काहीच नाही. बॅटरी गेली म्हणावं तर हॉर्न खणखणीत वाजत होता. मोबाईलला रेंज नव्हती. वर चालत जाऊन कशीबशी एक काडी आली तेव्हा मी गाडीवाल्याला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला आणि मी काही सांगायच्या आत म्हणाला, "गाडी जिल्ह्याच्या बाहेर नेलीत दादा. सिस्टिमनं बंद केली. दंड 9,000. पैसे आले की चालू होईल."

सकाळच्या आणि आत्ताच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक होता. मी म्हणालो, आम्ही नांदेडच्या बाजूला आहोत, तुम्हाला सांगूनच आलोय. तो म्हणाला, "करारनामा बघा, दुसरं पान." माझ्याकडे करारनाम्याची प्रतच नव्हती. ती त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हटलं होतं. आता पाठवली. सकाळी कोऱ्या असलेल्या रेघा भरलेल्या होत्या: वाहन जिल्ह्याबाहेर नेल्यास दंड रुपये 9,000. खाली माझी सही.

मग जे बोलला ते मी शब्दशः सांगतो, कारण सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. "पोलिसात जायचं तर खुशाल जा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवताय, आधी तुम्हीच आत जाल."

माझे हातपाय गार पडले. मी आयुष्यात कधी ठाण्याची पायरी चढलेलो नाही. खाली आई बसलेली, दोन लेकरं भुकेली, पाऊस पुन्हा धरून आलेला.

चहाच्या टपरीवरच्या मावशींनी लेकरांना आत घेतलं, भाजलेली कणसं दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनीच इस्लापूरहून एका मेकॅनिकला बोलावलं. त्या पोरानं बोनेट उघडून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, ह्यो बिघाड नाही. जीपीएसच्या डब्यातून वायर घेतलीय, मोबाईलवरून बंद करता येते. मी जोडून देतो, पण मग तो म्हणंल गाडी उघडली, अन् अजून पैसे मागंल." चालत्या गाडीला हे करत नाहीत, उभी राहून इंजिन बंद झालं की पुन्हा सुरू होऊ देत नाहीत, हेही त्यानंच समजावलं. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवायची ही चीज. आमच्याकडून पैसे काढायला वापरली गेली.

मी 3 वाजून 52 मिनिटांनी पैसे टाकले. 3 वाजून 57 मिनिटांनी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. या पाच मिनिटांत ताईची मुलगी मोबाईलवर व्हिडिओ घेत होती: आधी न चालणारी गाडी, माझा फोन, त्याचा स्पीकरवरचा आवाज, मग सुरू झालेलं इंजिन. मी तिला रागावलो होतो की हे काय चित्रीकरण लावलंयस. आज माझ्याकडे जो काही पुरावा आहे तो त्या चौदा वर्षांच्या पोरीनं जमवलेला आहे.

पुढं माहूरला जायची कोणाचीच हिंमत झाली नाही. किनवटच्या जंगलात रात्री गाडी बंद केली तर काय, हा विचार डोक्यातून जाईना. आई काही बोलली नाही. ओटीचा नारळ, खण, सगळं पिशवीत तसंच घेऊन परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसली. मला त्या 9,000 रुपयांपेक्षा हे जास्त लागलं.

गाडी परत दिली तेव्हा तो वाकून खालून टॉर्च मारायला लागला. खालचा पत्रा घासला, गाडी रानात घातली, 11,000 कापणार. सकाळी अंधारात, पावसात मी गाडीचा एकही फोटो काढला नव्हता. त्यामुळं तो ओरखडा जुना आहे हे मी कशाच्या जोरावर सांगणार? डिपॉझिटमधले 4,000 आणि स्कूटर मिळाली. एकूण 20,000 गेले, भाडं वेगळं.

महिनाभर मी गप्प होतो. घरात विषय निघाला तरी उठून जायचो. त्याचं ते वाक्य डोक्यात बसलं होतं, तूच आत जाशील. मग ओळखीच्या एका वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पैसे मोजून सेवा घेतलीत, तुम्ही ग्राहक आहात. आणि अडवून, धमकावून पैसे घेणं याला कायद्यात खंडणी म्हणतात, भारतीय न्याय संहितेचं कलम 308." तिथल्या तिथं 112 ला फोन करायला हवा होता, हेही त्या म्हणाल्या. तो माणूस नेमक्या याच भीतीवर धंदा करतो. परवाना नसलेली गाडी देतो, आणि परवाना नाही हेच सांगून तोंड बंद करतो.

त्यांनी दाखवलेली आणखी एक गोष्ट ऐकून मला रात्री झोप लागली नाही. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत साफ लिहिलेलं असतं की भाड्यानं दिली तर संरक्षण नाही. म्हणजे त्या घाटवळणाच्या रस्त्यावर काही विपरीत झालं असतं तर विमा कंपनीनं हात वर केले असते. सहा माणसं होती गाडीत. पैसे गेले ते परत कमावता येतील.

चौकशी करताना हिंगोलीचे एक गृहस्थ भेटले. त्यांची गाडी लोणारला, सरोवर बघून वर आल्यावर बंद पडली होती. "बुलडाणा जिल्ह्यात नेलीत," असं त्यांना सांगितलं गेलं. करारनाम्याचा मजकूर माझ्यासारखाच, पैसे घेणारं नावही तेच. तेव्हा मला तो पहिला प्रश्न आठवला, कुठं जाणार. हद्दीवरची, लांबची, रेंज नसलेली जागा, सोबत बाया-लेकरं. गाडी हातात देतानाच त्याचं गणित झालेलं असतं.

आता कोणी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो की स्वतः चालवायची गाडी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तीच घ्या, मग दोन पैसे जास्त लागले तरी चालतील. आदल्या संध्याकाळीच जाऊन सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, गाडीचा वर्ग आणि विम्याची तारीख तिथं दिसते. चारी बाजूंनी, छतावरून, खालून, टायर आणि किलोमीटरच्या आकड्यासकट व्हिडिओ काढा, देणाऱ्याचा आवाज त्यात येऊ द्या. गाडी लांबून बंद करायची सोय आहे का, हे थेट विचारा आणि असेल तर ती कधी वापरणार ते लिहून घ्या. कोऱ्या रेघेवर आडवी काट मारल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत हातात आल्याशिवाय किल्ली घेऊ नका. स्वतःच्या गाडीचं आरसी बुक तारण ठेवू नका. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, ते द्या. घरच्यांना गाडीत बसवून कागदावर सही करायला जाऊ नका, एकटे जा, सावकाश वाचा.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. आपण राहतो त्या जिल्ह्यात तो करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पोलिसांकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पहिल्या दिवशी "आपसात मिटवा" असं ऐकलं, तिसऱ्या खेपेला व्हिडिओ दाखवल्यावर अर्ज घेतला. हिंगोलीच्या गृहस्थांनीही त्यांचा अर्ज जोडलाय. निकाल लागायचा आहे.

आईला मी दसऱ्याच्या आधी एसटीनं माहूरला नेऊन आणलं. खण तोच होता, नारळ नवा घेतला.

ज्यांच्या करारनाम्यात दुसऱ्या पानावर "वाहन जिल्ह्याबाहेर नेल्यास" ही ओळ वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात असेल, त्यांनी तो कागद फाडू नये. पैसे टाकल्याची वेळ, गाडी सुरू झाल्याची वेळ आणि ज्या नावावर पैसे गेले ते नाव लिहून ठेवावं. आयोगापुढं आमची पुढची तारीख आहे, आणि दोन अर्जांपेक्षा पाच अर्ज असले तर त्या माणसाला ओरखड्याची गोष्ट पाचदा सांगावी लागेल.