फायटिंग गेमची स्पर्धा: हॉलमध्ये की घरून?

हे गेम साधारण सेकंदाला ६० फ्रेमने (पडद्यावरच्या चित्रांनी) चालतात, म्हणजे एक फ्रेम जेमतेम १७ मिलिसेकंदांची. इंटरनेटमुळे चार-पाच फ्रेमचा उशीर झाला की समोरच्याचा फटका ओळखेपर्यंत आपण आडवे! जुनं डिले नेटकोड (दोघांचा खेळ इंटरनेटवरून जुळवताना समोरच्याच्या बटणाची वाट पाहणारं तंत्र) तर कनेक्शन बिघडलं की खेळच रखडवायचं. रोलबॅक नेटकोड मात्र प्रतिस्पर्ध्याचं पुढचं बटण गृहीत धरून खेळ चालू ठेवतं आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्ती करतं. त्यामुळे सरावाला आणि दर आठवड्याच्या छोट्या स्पर्धांना ऑनलाइन उत्तम. प्रवासखर्चही नाही.

तरी माझं मत हॉललाच. २००४च्या इव्हो या मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेत दाइगो उमेहारा या खेळाडूनं प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा अख्खा सुपर (सलग फटक्यांचा खास हल्ला) पॅरी केला, म्हणजे एकेक फटका अचूक वेळ साधून अडवला, तेव्हा उठलेला गलका हेडफोनमध्ये कुठून येणार? आणि बहुतेक स्पर्धांत दोनदा हरलं की बाहेर. पण बाहेर पडलेले लगेच घरी जात नाहीत. रिकामं कन्सोल गाठतात, अनोळखी माणसाशी तासभर भिडतात, जिंकणारा हरणाऱ्याला ‘इथे उडी मारायचीच नव्हती’ असं बटणं दाबून दाखवतो. ऑनलाइन? सामना संपला की समोरचा बऱ्याचदा लॉबीतून गायब.