पॉप-अप कॅम्पर ट्रेलर: आठ महिने, चौदा रात्री आणि दोन पोट्टे

गेल्या दसऱ्याला घेतला. तेव्हापासून जो भेटतो तो हेच विचारून राहिला की भाऊ पैसे वसूल झाले का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव नाही लिहीत, त्यांच्यासोबत माझं एक भांडण अजून चालूच आहे, ते खाली येईल.

आधी आमच्या घरचं खटलं सांगतो. मोठी पाच वर्षांची, लहाना दोनचा, बायको, आणि अर्ध्या ट्रिपला माझी आई, तिचे गुडघे गेलेले. नागपूरच्या आजूबाजूला जायला जागा काय कमी नाहीत, खिंडसी आहे, सिल्लारी आहे, ताडोबा, चिखलदरा, पण शनिवार-रविवारच्या दोन रूम घ्यायच्या म्हणजे खिसा रिकामा आणि लहाना नव्या खोलीत रात्री दोन वाजेपर्यंत टक्क जागा. साधा तंबू एकदा नेला होता तर सकाळी आईला जमिनीवरून उठताच येईना, आम्ही दोघांनी धरून उठवलं आणि तिनं हात जोडले की बाप्पा मला घरीच राहू द्या. गाडीच्या टपावर लावायचा तंबू पाहून आलो, दिसायला एक नंबर, पण रात्री दोन वर्षांच्या पोट्ट्याला सू आली की शिडीवरून कोण उतरवणार? मोटार कॅराव्हॅन घ्यायची ऐपत नाही. मग उरला पॉप-अप.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: बंद असला की छातीएवढ्या उंचीची पेटी, गाडीच्या मागे निमूट येते. जागेवर पोचलं की हँडल फिरवून छत वर चढवायचं, दोन्ही टोकांकडून पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे, मधल्या भिंती कॅनव्हासच्या, खिडक्यांना जाळी. रिकामा ६२० किलो. रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, गाडीला लावलेला हिच (ट्रेलर जोडायचा हुक), सगळं धरून पावणेसात लाख गेले.

एवढ्या पैशात मिळालं काय, तर झोप. आईचा पलंग खुर्चीच्या उंचीचा, ती आपली आपण बसते, आपली आपण उठते. पोट्ट्यांची गादी, चादर, लहान्याचा तो फाटका हत्ती, सगळं आतच राहतं, त्यामुळे त्याच्यासाठी जागा कुठलीही असो पलंग तोच. दुसऱ्या ट्रिपपासून साडेनऊला झोपायला लागला. सिल्लारीजवळ एका रिसॉर्टच्या मागच्या लॉनवर लावला होता, दोघं झोपले आणि आम्ही दोघं बाहेर खुर्च्या टाकून बसलो, लग्नानंतर किती वर्षांनी असं बसलो असू. सिल्लारी ज्या जंगलात येते त्या पेंचला २०२४ च्या जानेवारीत डार्क स्काय पार्कचा, म्हणजे तारे पाहायला अंधार राखलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिला, ते मी पेपरात वाचलं होतं पण मनीष नगरच्या गच्चीवरून काय कळणार. डिसेंबरच्या रात्री वर पाहिलं की समजते. बायको म्हणाली, रूम घेतली असती तर आतापर्यंत टीव्ही लावून बसला असता तू. खरं आहे.

आता किचन. विकणाऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ किचनवरच घालवला होता, मागून सरकून बाहेर येते, एक बर्नर, वाटीएवढं सिंक, मसाल्याचे कप्पे. फालतू आहे. जरा वारा सुटला की शेगडी विझते, पहिल्या दिवशी पोहे करायला चाळीस मिनिटं लागली आणि तर्रीचा तर विषयच सोडा. आणि वारा लागतो म्हणून शेगडी आत घेऊन पेटवू नका, कॅनव्हास पेट घेते आणि बंद जागेत गॅस जाळणं तसंही जिवाशी खेळ आहे. आम्ही आता चहा आणि लहान्याचं दूध तेवढं त्याच्यावर करतो, बाकी गोवऱ्या पेटवून रोडगे आणि वांग्याची भाजी, जसं आपल्याकडे पार्टीत करतात तसंच. किचन नसलेलं मॉडेल पंच्याहत्तर हजारांनी स्वस्त होतं. घ्यायला पाहिजे होतं.

उघडायला किती वेळ लागतो? कागदावर दहा मिनिटं लिहिलेली आहेत. आम्हाला पहिल्यांदा एक तास दहा मिनिटं लागली आणि नवरा-बायकोचं भांडण झालं ते वेगळं. आता पंचवीस मिनिटांत होते, पण क्रम चुकवायचा नाही. आधी चाकाखाली लाकडी गुटके घालून लेव्हल करा, हँडब्रेक ओढा, चाकामागे गोटा लावा, मगच गाडीपासून सोडा. मग चार कोपऱ्यांचे पाय खाली टेकवा, तेही टेकवायचेच, जॅकसारखं त्यांच्यावर ट्रेलर उचलायला जाल तर वाकतील. त्यानंतर छत, त्यानंतर पलंग. पाय टेकवण्याआधी पलंग ओढला आणि मोठी पळत जाऊन त्याच्यावर बसली तर पूर्ण ट्रेलर मागे बसकण मारेल, आमच्याकडे होता होता राहिलं. तेव्हापासून उघडताना दोघंही पोट्टे आजीजवळ, खुर्चीवर, बिस्किटाचा पुडा हातात.

ओढण्याबद्दल जरा नीट वाचा, इथंच लोक फसतात. आमची जुनी डिझेल स्कॉर्पिओ आहे, जोराचा प्रश्न नाही. प्रश्न वजन कुठं ठेवलं याचा. दुसऱ्या ट्रिपला मी शहाण्यासारखी साठ लिटरची पाण्याची टाकी फुल भरली, ती असते मागे, वरून मागच्या जाळीवर मोठीची सायकल आणि खुर्च्या. मनसरच्या पुढे ८५ ला ट्रेलर डोलायला लागला, आधी हळूच, मग आरशात पाहतो तर म्हशीच्या शेपटासारखा डावीकडे-उजवीकडे. नशीब ब्रेक मारला नाही, एक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, ५० वर आल्यावर शांत झाला. बायको पाच मिनिटं काही बोलली नाही. साधा हिशोब आहे, एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास वजन पुढे हिचच्या बॉलवर पडलं पाहिजे, मागे वजन गेलं की पुढचा भाग हलका होते आणि ट्रेलर डोलते. आमचा भरून ८०० च्या जवळ जातो, म्हणजे पुढे ८० किलो पाहिजे. घरी मोजता येते, बाथरूममधला वजनकाटा घ्या, त्याच्यावर लाकडाचा ठोकळा, त्याच्यावर ट्रेलरचं तोंड टेकवा. त्या दिवशीचं सामान तसंच परत लावून मोजलं तर काटा ४१ वर. आता पाणी तिथं पोचल्यावर भरतो, एक लिटर म्हणजे एक किलो, नागपूरहून साठ किलो पाणी फिरवून आणण्यात अर्थ नाही. जड सामान चाकाच्या जरा पुढे, खाली. सत्तरच्या वर जातच नाही, लोक हॉर्न वाजवतात, वाजवू द्या.

ब्रेक ओव्हररनचे आहेत, म्हणजे आपण ब्रेक दाबला की ट्रेलर मागून गाडीला ढकलते, त्या धक्क्यानं पुढचा दांडा आत दबते आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर झकास. पण चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना उतार संपतच नाही, ट्रेलर सारखा ढकलून राहिला, ब्रेक सारखे घासून राहिले, अर्ध्या घाटात जळका वास. अर्धा तास थांबलो, वानरांना पोट्ट्यांनी फुटाणे दाखवले (देऊ दिले नाही), आणि मग सेकंड गिअरमध्ये हळूहळू खाली. चढताना त्रास झाला नव्हता, गाडीचा टेम्परेचर काटा जरा वर गेला तेवढंच. रिव्हर्स शिकायला मात्र दोन रविवार गेले, स्टिअरिंग उलटं फिरवावं लागते, मिहानकडच्या मोकळ्या रस्त्यावर शिकलो आणि तिथल्या चहावाल्याची चांगली करमणूक झाली.

कागदपत्रं. विकणारा म्हणे, सर, आरसीची काय गरज, याला इंजिन थोडीच आहे. इंजिन नसलं तरी ट्रेलरची वेगळी नोंदणी होते, वेगळा नंबर, वेगळी प्लेट. पैसे देण्याआधी कंपनीचं अप्रूव्हल सर्टिफिकेट, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) हातात घ्या, नाहीतर आरटीओत चकरा मारत बसाल. मी आधी मागितले म्हणून तीन चकरांत झालं.

आता भांडण. डिलिव्हरीच्या दिवशी साळ्यानं सहज खाली वाकून टायर पाहिला आणि म्हणाला, भाऊजी, हा नवीन आहे ना? टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलर २०२५ चा आणि टायरवर ३१२२, म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा. तीन वर्षं कुठंतरी पडून होते. आपल्याकडचा उन्हाळा आणि समृद्धीचं ते तापलेलं काँक्रीट, त्यावर जुना टायर, वर दोन पोट्टे सोबत, मी सही करायला नाही म्हटलं. दोन आठवड्यांनी बदलून दिले, पण फोन मला अकरा करावे लागले. नवीन म्हणून घेताय तरी आकडे वाचाच, स्टेपनीचे पण, आमची स्टेपनी अजून जुनीच आहे.

दुसरं म्हणजे शिलाई. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला, रात्रभर, आईच्या पलंगाच्या कोपऱ्यातून टपटप. छताचा जोड नाही, शिलाईच्या भोकांतून पाणी. कंपनी म्हणे फोटो पाठवा, पाठवले, मग म्हणे व्हिडिओ पाठवा. शेवटी इतवारीत एक ताडपत्री शिवणारे काका आहेत त्यांच्याकडे तो कॅनव्हासचा भाग काढून नेला. त्यांनी उजेडाकडे धरला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "दोरा बारीक अन् सुई मोठी, पाणी येनच ना भाऊ. हे मशीनवर नाही जमत, हातानं शिवा लागते." जाड दोऱ्याला मेण चोळून चोळून पूर्ण कडा हातानं शिवली, आतून पट्टी लावली, साडेतीनशे रुपये. त्यानंतर मार्चमध्ये पुन्हा पाऊस झाला, एक थेंब नाही आला.

पण त्या फेब्रुवारीच्या ट्रिपचं खरं नुकसान वेगळंच झालं. ओला कॅनव्हास तसाच बंद करून आणला, म्हटलं उद्या वाळवू. उद्या ऑफिस, परवा ऑफिस, चौथ्या दिवशी उघडला तर काळ्या बुरशीचे ठिपके आणि असा वास की बायकोनं नाक धरलं. ब्रशनं घासून ठिपके अर्धे गेले, अर्धे कायमचे. ओला आणला तर त्याच दिवशी उघडून वाळवायचा म्हणजे वाळवायचा, आणि त्याला जागा लागते, उघडल्यावर हा वीस फूट होते.

त्यावरून पार्किंग. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये एका गाडीची जागा. पहिल्या आठवड्यातच सेक्रेटरी काका आले, हे काय आणलं बे, सर्कस आली का? व्हिजिटर पार्किंगमध्ये पंधरा दिवस लपवला, मग नोटीस. आता बेसाला साळ्याच्या रिकाम्या प्लॉटवर उभा असतो, त्याच्यावर मोठी ताडपत्री. साळा भाडं घेत नाही पण महिन्यातून एक सावजी मटण ठरलेलं आहे. ज्याच्याकडे असा साळा किंवा असा प्लॉट नाही त्यानं घेऊ नका, अगदी खरं सांगतो, भाड्यानं मिळत असेल तर दोनदा नेऊन पाहा आणि त्याच पैशात रूम घ्या.

उन्हाळ्याचं बोलायचं तर एप्रिल-मे विसरा. एसी लावायचा प्रश्नच नाही, कॅनव्हासमधून थंडावा टिकत नाही आणि आमची बॅटरी शंभर एएचची, बारा व्होल्टची, म्हणजे जेमतेम सव्वा युनिट वीज, एसी तासाभरात चाटून टाकेल. दोन छोटे पंखे मात्र रात्रभर आरामात चालतात आणि सकाळी अर्धी बॅटरी शिल्लक. मार्चमध्ये लॉनवर प्लग मिळाला म्हणून आईनं घरचा छोटा कूलर न्यायला लावला, मी नको नको म्हणत होतो. एका खिडकीला कूलर, समोरची जाळी उघडी, आपली हवा कोरडी, असा गारवा झाला की पहाटे चादरी शोधत होतो. दोनदा पाणी टाकलं फक्त.

लॉनवर लावू देण्याचे रिसॉर्टवाले रात्रीचे आठशे ते हजार घेतात, बाथरूम वापरू देतात, आधी फोन करून ट्रेलर आहे हे स्पष्ट सांगा. जंगलाच्या आत लावायचा विचारही करू नका. ताडोब्याला गेलात तर मंगळवारी सफारी बंद असते, आम्ही सोमवारी संध्याकाळी पोचलो होतो, मंगळवारचा पूर्ण दिवस पोट्ट्यांनी चिखलात काढला. त्यांच्या मते तीच सगळ्यात भारी ट्रिप.

चौदा रात्री झाल्या. मला साडेतीन स्टार द्यायचे आहेत, आई म्हणते पाच दे. छत वर चढवायच्या विंचची केबल मार्चअखेर तुटली, एक एक तार उसवत होती, मी फोटोही पाठवले होते तेव्हाच. वॉरंटीत आहे, फुकट मिळणार आहे, कुरिअर निघालं असं तीनदा सांगून झालं. आज अठ्ठावन्न दिवस झाले, ट्रेलर बेसाला ताडपत्रीखाली बंदच आहे.