सायकल क्लबच्या रविवारच्या राइड्स: आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये जॉइन झालो, आता फेब्रुवारी. दिवाळी आणि घरची लग्नं सोडली तर बावीस राइड झाल्यात, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. क्लबचं नाव मुद्दाम देत नाहीये, थोडं वाईटही लिहिणारे आणि पुढच्या रविवारी तिथेच जायचंय. वय 44, सायकल साधी हायब्रिड, वजन माझं आणि तिचं दोघांचंही जास्त.

नेहमीची मोठी राइड म्हणजे पुण्यातून कोंढवा, बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, केतकावळे, कापूरहोळ आणि हायवेने जुन्या कात्रज घाटातून परत, घरापासून धरून 80-85 किमी. ग्रुपवर दर वेळी लिहिलेलं असतं, 'कुणालाही मागे सोडणार नाही'. पहिल्याच राइडला बोपदेवच्या चढावर मी एकटा. पुढच्यांचे लाल लाइट धुक्यात गेले ते थेट सासवडच्या मिसळीवर दिसले, लोकांची दुसरी प्लेट चालू होती, मी जरा हेल्मेट काढतोय तोवर "चला निघूया". म्हणजे दम लागलेल्यालाच दम खायला वेळ नाही.

मग कळलं की हे सगळं त्या दिवशी स्वीप कोण आहे त्यावर असतं. स्वीप म्हणजे सगळ्यात शेवटी चालवणारा, त्याच्या मागे आपला कुणी राहायचा नाही. आमच्यात एक रिटायर्ड बँकवाले काका आहेत, ते असले की राइड वेगळीच. चढाला बाजूने येऊन फक्त एवढंच म्हणतात, "गिअर अजून एक हलका आहे ना? मग टाक की". बाकी गप्पा नाहीत.

ऑगस्टमध्ये खेड शिवापूरच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, दहा मिनिटांत परत बसलं. मी ट्यूब बनवणाऱ्याला शिव्या घालतोय आणि काकांनी खिशातून सुती रुमाल काढून टायरच्या आतून सावकाश फिरवला, एका जागी धागा अडकला. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार, बाहेरून दिसतच नव्हती, बोटाला पण लागली नसती. नखं कापायच्या कटरने ती ओढून काढली आणि म्हणाले, "ट्यूब नंतर, आधी टायर बघायचा". हायवेच्या कडेला असल्या तारांचा सडा असतो, तेव्हापासून रुमाल आणि कटर दोन्ही माझ्या पाऊचमध्ये.

चांगलं काय, तर ग्रुपमध्ये चालवायला शिकलो. पावसाळ्यात सासवड ते नारायणपूर पश्चिमेचा वारा सरळ तोंडावर येतो, तिथे एकट्याने ताशी 14 किमीच्या पुढे जात नाही, तेच कुणाच्या तरी मागच्या चाकाला चिकटून गेलं की 19-20 आरामात. पण पुढच्याने "खड्डा!" म्हणून हात खाली केला की आपणही तसंच मागे पोचवायचं, नाहीतर चौथा पडलाच. डाव्या हाताला पुरंदर-वज्रगड ढगात, रस्त्याकडेला हिरवा वाटाणा, नंतर सीताफळं, आता अंजीर. जर्सीच्या मागच्या खिशात अंजीर ठेवू नका, घरी पोचेपर्यंत जॅम होतो (बायको अजून ऐकवते).

वैताग काय, तर साडेपाच म्हणजे सव्वासहा, वर फोटो. घाटमाथ्यावर फोटो, देवळापाशी फोटो, मग उशीर झाला म्हणून हायवेवर पळवतात आणि अकराच्या उन्हात कात्रजचा चढ. काही जण बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) तयारीत असतात, साडेतेरा तासांत 200 किमी मारायचे म्हणून, त्यांना आमच्या स्पीडचा त्रास होणारच, पण मग वेगळा ग्रुप करा ना, हे मी तीनदा बोललो, तीनदा अंगठा आला.

आणि पॅडवाली शॉर्ट्स पहिल्या दिवसापासून घ्या. मी दोन महिने कंजूसपणा केला, सोमवारी ऑफिसात उभं राहून मीटिंग.

गेले दोन रविवार काकांचा गुडघा दुखतोय म्हणून स्वीप माझ्याकडे. 10-11 च्या स्पीडने कुणाच्या तरी मागे राहणं इतकं अवघड असेल वाटलं नव्हतं, बॅलन्स जातो, ब्रेकवरचा हात काढता येत नाही आणि तोंड बंद ठेवायचं ते वेगळंच. परवा बोपदेवला एक नवीन कॉलेजची मुलगी होती, बराच वेळ मला मागेच बघून शेवटी तीच थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्ही दमला असाल तर बसूया का थोडं?" म्हटलं बसू.