विमानाचं तिकीट आत्ता काढू की थांबू? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी तुलना

तिकीट किती दिवस आधी काढावं, याचं जळगावहून उडणाऱ्याला एक उत्तर आहे आणि मुंबईहून उडणाऱ्याला दुसरं. मंगळवारी रात्री स्वस्त मिळतं, मोबाइलमधली हिस्ट्री पुसली की भाव उतरतो, या गोष्टींच्या नादी लागू नका. भाव हलतो तो उरलेल्या जागा आणि उरलेले दिवस यांच्या हिशेबावर.

कंपनी इकॉनॉमीच्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटून ठेवते. खालचा गट संपला की वरचा उघडतो. जळगावहून उडणाऱ्या एटीआर-७२ विमानात सत्तरेक जागा असतात. मुंबईहून सुटणाऱ्या एअरबस ए३२० मध्ये त्या १८० च्या आसपास, शिवाय दिल्ली किंवा बंगळुरूसाठी दिवसभर विमानांची रांग. तिथे एका फेरीचा खालचा गट संपला तरी दुसऱ्या फेरीचा शिल्लक असतो. जळगावात एका लग्नाच्या वऱ्हाडानं तिकिटं काढली की त्या दिवसाचा स्वस्त माल संपला.

म्हणून जळगावहून जायचं असेल तर तारीख पक्की झाली की तिकीट काढा. सहा ते आठ आठवडे आधी काढलेलं बरं. मार्ग लहान शहरांसाठीच्या सरकारी उडान योजनेत असेल तर साधारण निम्म्याच जागांना भाड्याची कमाल मर्यादा असते, बाकीच्या बाजारभावानं जातात. मात्र फार आधी काढण्यातही गोम आहे. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लहान कंपन्या पुढच्या हंगामाच्या फेऱ्या उशिरा पक्क्या करतात, वार बदलतात, कधी फेरीच काढून टाकतात. पैसे परत मिळतात, पण तोवर दुसरीकडचे भाव चढलेले असतात. या दोन तारखांच्या पलीकडचा प्रवास असेल तर नवं वेळापत्रक जाहीर होईपर्यंत थांबा.

मुंबईहून देशांतर्गत प्रवासाला, सणवार नसेल तर, तीन ते सहा आठवडे आधीचा काळ सगळ्यात बरा. तीन महिने आधी काढून फार काही वाचत नाही, कारण कंपनीला तेव्हा भाव पाडायची घाई नसते. शेवटच्या पंधरवड्यात कामानिमित्त फिरणारे येतात आणि ते मागाल ती किंमत मोजतात, म्हणून भाव चढतो. शेवटच्या आठवड्यात स्वस्त मिळेल ही आशा एकट्या, तारखेनं मोकळ्या माणसानं करावी. चार जणांच्या घरानं नाही.

दिवाळी आणि आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) हिशेब वेगळाच. देशांतर्गत तिकिटात जाणं आणि येणं यांचे भाव सहसा स्वतंत्र ठरतात. दिवाळीआधी पुण्याहून जळगावकडे आणि भाऊबीजेनंतर जळगावहून पुण्याकडे झुंबड असते. उलट दिशेची विमानं त्याच दिवसांत बऱ्यापैकी रिकामी. म्हणून गर्दीच्या दिशेचं तिकीट दोन-अडीच महिने आधी घ्या आणि उलट दिशेचं हवं असेल तर निवांत बघा. दोन्ही एकदमच काढायला हवीत असं काही नाही.

आता कुठून उडायचं ते. जळगावहून संभाजीनगर रस्त्यानं साधारण १६० किलोमीटर. नंदुरबारकरांना सुरतजवळच्या उधन्याच्या गाडीनं सुरत सोपं पडतं, शिरपूरकरांना आग्रा रोडनं इंदूर, धुळेकरांना नाशिकचं ओझर. मुंबईचं भाडं हजारानं कमी दिसलं की लगेच भुलू नका. पहाटे सहाचं विमान बऱ्याचदा स्वस्त असतं, पण चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. रात्रीच्या गाडीनं दादरला उतरून ते गाठणं म्हणजे गाडीच्या लेट होण्यावर पैज लावणं. आदल्या दिवशी पोहोचून लॉज घेतला तर वाचलेले पैसे तिथेच गेले. मुंबई परवडते ती दुपारनंतरच्या विमानाला.

मुंबईहूनच जायचं ठरलं तर आधी रेल्वेचं तिकीट काढा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि स्लीपरचं कन्फर्म तिकीट चार-पाच दिवस आधी रद्द केलं तर माणशी १२० रुपयेच कापले जातात. विमानाचं तिकीट रद्द करण्यात त्याच्या कित्येक पट जातात. म्हणून गाडी आधी, विमान नंतर.

चौघांचं तिकीट काढताना एक गोष्ट हमखास फसवते. खालच्या गटात तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्यात, तर यंत्रणा चौघांनाही वरच्या गटाचा भाव लावते. आधी एका माणसाचा भाव बघा, मग दोघांचा, मग चौघांचा. फरक दिसला तर तिघांचं एक आणि एकाचं वेगळं असं काढा. लहान मूल मात्र मोठ्या माणसाबरोबर एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर ठेवा. आणि भाव बघायचा तो पैसे भरण्याच्या पानावर, कन्व्हिनियन्स फी आणि सामान धरून. एटीआरच्या तिकिटात किती किलो फुकट जातं तेही तिथेच वाचा. पापड-कुरडयांचं खोकं काउंटरवर महागात पडतं.

जळगाव ते मुंबई एका कंपनीचं आणि पुढे दुसऱ्या कंपनीचं असं वेगवेगळं तिकीट स्वस्त दिसतं. पण पहिली फेरी रद्द झाली तर पुढची कंपनी काही देणं लागत नाही. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर मिळत असतील तर थोडे जास्त मोजा. नाहीतर मधे किमान सहा तास ठेवा, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तरी निभेल. ते रद्दच झालं तर हे सहा तासही पुरत नाहीत.

तिकीट काढल्यावर लगेच भाव पडला तर? थेट कंपनीकडून घेतलं असेल आणि उड्डाण निदान आठवडाभर लांब असेल, तर पहिल्या ४८ तासांत ते दंड न भरता रद्द करता येतं. तेव्हा काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा भाव बघून घ्या. पुढे कधी अजिबात जाणं झालं नाही, तर नॉन-रिफंडेबल तिकिटावरचेही सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. बहुतेक जण ते मागतच नाहीत.